पट्टा लावायला दुसरं कोण लागतं?

माहीम म्हटलं की बहुतेकांना मुंबईचं माहीम आठवतं. आमचं माहीम ते नव्हे हो! आमचं पालघरचं. पालघर स्टेशनावर उतरून समुद्राच्या दिशेने सात-आठ किलोमीटर आलात की आमचं गाव, आणि त्याला लागून केळवे. म्हणून सगळे जोडीने केळवे-माहीमच म्हणतात.

गावात येणारा रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंना वाड्या, नारळ, केळी, पानवेली. मी नोकरीला लागले तेव्हा या रस्त्यावर एसटी, बैलगाड्या आणि सायकली एवढंच असायचं. समोरून एसटी आली की सायकलवाला खाली उतरून वाडीच्या कुंपणाला टेकून उभा राहायचा. आता शनिवार-रविवारी केळव्याच्या समुद्राकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. त्यात गावातल्या रिक्षा, मोटरसायकली, टेम्पो आणि मधूनच रस्त्याच्या मध्यभागी ध्यानस्थ बसलेली एखादी गाय!

या सगळ्यांची मिळून एक भाषा आहे, ती म्हणजे हॉर्न. एक छोटा हॉर्न म्हणजे 'मी मागे आहे'. दोन छोटे म्हणजे 'मी पुढे जातोय'. लांबलचक हॉर्न म्हणजे 'तू बाजूला हो, मी काही थांबणार नाही'. वळणावरचा हॉर्न म्हणजे 'पलीकडे कोणी आहे का हो?' ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंदी केली, पण भाषा अशी सरकारी परिपत्रकाने थोडीच बंद होते!

मी तेहतीस वर्षं शाळेत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र हा बिचारा वीस मार्कांचा विषय, मुलं शेवटच्या दिवशी पाठ करायची. त्यात वाहतुकीच्या नियमांचा धडा आला की मी मुलांना वर्गातल्या बाकांमधून चालायला लावायची, कोणी गाडी व्हायचं, कोणी पोलीस. मुलांना मजा यायची. पण त्या खेळातही एक गोष्ट दिसायची. पोलीस झालेलं पोर पाठ फिरवून उभं राहिलं, की गाड्या सुसाट सुटायच्या!

माझा मुलगा गेली बरीच वर्षं अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. मी तिकडे तीन वेळा जाऊन आले. पहिल्या खेपेला गाडीत बसले आणि पहिले पंधरा मिनिटं पाय आखडून बसले होते, कारण समोरून येणारी प्रत्येक गाडी चुकीच्या बाजूने येतेय असंच वाटायचं. तिथे उजवीकडून चालवतात हे भूगोलाच्या शिक्षिकेला माहीत नव्हतं असं नाही. पण डोक्याला माहीत असणं वेगळं आणि पायाला माहीत असणं वेगळं.

हे डावं-उजवं प्रकरण मोठं गमतीचं आहे. जगातली साधारण एक तृतीयांश माणसं डावीकडून गाड्या चालवतात, बाकीची उजवीकडून. आपण डावे झालो ते इंग्रजांमुळे. मग मला प्रश्न पडला, की आपल्याकडे पोर्तुगीजही होते की! आमच्या माहीमलाच १७३९ पर्यंत त्यांचा अंमल होता, आणि उत्तरेला दमण तर १९६१ पर्यंत त्यांच्याकडे होतं. पोर्तुगालने १९२८ साली उजवीकडून गाड्या चालवायला सुरुवात केली. पण गोवा डावाच राहिला, कारण आजूबाजूचा सगळा मुलूख डावीकडचा. म्हणजे राज्य कोणाचं का असेना, रस्त्यावर शेजाऱ्याशी जमवून घ्यावंच लागतं.

स्वीडनने तर ३ सप्टेंबर १९६७ ला, पहाटे पाच वाजता, अख्खा देश डावीकडून उजवीकडे नेला. त्याआधी १९५५ मध्ये लोकांना विचारलं होतं तेव्हा शंभरातल्या ब्याऐंशी-त्र्याऐंशी जणांनी नको म्हणून सांगितलं होतं! तरी सरकारने चार वर्षं तयारी करून ते केलं. आणि लोकांनी ते पाळलं. का पाळलं? कारण त्या पहाटे प्रत्येकाला खात्री होती की समोरचाही आज बाजू बदलणार आहे. ही खात्री नसती तर काय झालं असतं याची कल्पना करून बघा.

मला वाटतं, सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. पण आधी न्यू जर्सीचं सांगते.

मुलाच्या घराजवळ एक चौक आहे. तिथे सिग्नल नाही, पोलीस नाही, कॅमेराही नाही. चारही बाजूंना 'स्टॉप' लिहिलेली लाल अष्टकोनी पाटी. नियम एवढाच, की प्रत्येकाने पूर्ण थांबायचं, आणि जो आधी आला तो आधी जाणार. दोघं एकदमच आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. एका रात्री साडेअकराला आम्ही कुठूनसे परत येत होतो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तरी मुलाने गाडी पूर्ण थांबवली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मग निघाला.

"कोणी नाहीये रे, कशाला थांबतोस?" मी म्हटलं.

"आई, थांबायचंच असतं इथे," तो म्हणाला. बस्स. ना अभिमान, ना वैताग. घरात शिरताना चपला काढाव्यात तसं.

दुसरी गोष्ट तिथल्या शाळेच्या पिवळ्या बसची. बस थांबली की तिचे लाल दिवे लुकलुकायला लागतात आणि बाजूने एक 'स्टॉप'ची पाटी हातासारखी बाहेर येते. मग मागच्या गाड्या तर थांबतातच, पण मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्याही थांबतात. एक चिमुरडं पोर दप्तर सावरत सावकाश रस्ता ओलांडतं आणि दोन्हीकडची मोठी माणसं, कामावर उशीर झालेली माणसं, मुकाट बसून राहतात. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या बाईच्या डोळ्यांत हे बघून पाणी आलं, त्यात नवल ते काय?

आता यावर लगेच 'ते लोक किती शिस्तीचे आणि आपण किती बेशिस्त' असं म्हणून मोकळं होता येईल. पण थांबा. अमेरिकेतही २०२२ साली रस्त्यांवर बेचाळीस हजारांहून जास्त माणसं मेली. दारू पिऊन चालवणं, बेफाम वेग, गाडी चालवता चालवता फोन, हे सगळं तिथेही आहे. मुलाच्या वस्तीत पायी फिरायला निघाले तर कित्येक रस्त्यांना फूटपाथच नव्हता. दूध आणायचं तरी गाडी काढायची!

आणि आपल्या रस्त्याला माणुसकी नाही असंही नाही. म्हातारी बाई हात करून रस्त्यात उभी राहिली तर स्टॉप नसतानाही एसटी थांबवणारा ड्रायव्हर मी इथेच पाहिलाय. हायवेवर ट्रकचा क्लीनर हात बाहेर काढून मागच्याला 'थांब' किंवा 'जा' सांगतो, ते कुठल्या पुस्तकात आहे? गाडी चिखलात रुतली तर दहा अनोळखी माणसं धावत येतात. आपल्याकडे नियम कमी पाळतात, पण रस्त्यावर एकमेकांशी बोलतात फार.

गंमत म्हणजे तीच खूण दोन्हीकडे उलटी बोलते. आपल्याकडे समोरच्याने हेडलाइट लुकलुकवले, म्हणजे डिपर दिला, की समजायचं, 'मी येतोय, तू थांब'. माझी पुतणी इंग्लंडमध्ये असते. ती सांगते, तिथे अरुंद रस्त्यावर समोरच्याने दिवे लुकलुकवले तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'मी थांबलोय, तुम्ही या'. पुस्तकातला नियम तिथे वेगळा आहे म्हणे, पण रूढी अशी. आता आपला माणूस तिकडे गेला तर दोघंही थांबून राहतील, आणि तिकडचा इकडे आला तर... नको तो विचार!

तर मुद्दा असा, की माणूस तोच असतो. हे मला माझ्या मुलानेच दाखवून दिलं. रात्री साडेअकराला रिकाम्या चौकात थांबणारा हा माझा शहाणा मुलगा इथे सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस चुलतभावाची गाडी गोगलगायीसारखी चालवतो. तिसऱ्या दिवशी हॉर्नवर हात जातो. चौथ्या दिवशी पालघरच्या बाजारात साहेब दोन रिक्षांच्या मधून गाडी काढत असतात! मी एकदा विचारलं, "काय रे, तिथला तू कुठे गेलास?"

तो हसला नाही. म्हणाला, "आई, इथे चौकात पूर्ण थांबलो तर मागचा येऊन आपटेल. त्याला अपेक्षाच नाहीये मी थांबेन अशी."

मी यावर खूप दिवस विचार केला. त्याचं म्हणणं खरं आहे. रस्त्यावरचे बहुतेक नियम हे एकट्याने पाळायचे नसतातच. मी लेन पाळायची तर शेजारच्यानेही पाळली पाहिजे. मी सिग्नलला थांबायचं तर मागच्याने ते गृहीत धरलं पाहिजे. स्वीडनची पहाट काय, न्यू जर्सीचा चौक काय, तिथे एकमेकांवर विश्वास आहे म्हणून नियम चालतो. आणि तो विश्वास दंडाने, लायसन्सच्या कडक परीक्षेने, चांगल्या रस्त्यांनी, अशा पुष्कळ गोष्टींनी वर्षानुवर्षं घडत आलाय. तो सूटकेसमध्ये घालून आणता येत नाही. मग आपल्याकडे विश्वासाच्या जागी काय आलं? हॉर्न!

मग काय, हातावर हात धरून बसायचं? तर नाही. एक नियम असा आहे, की तो पाळायला समोरचा लागत नाही, मागचा लागत नाही, पोलीस लागत नाही आणि रस्ता चांगला असावा लागत नाही. तो म्हणजे सीटचा पट्टा. मोटरसायकलवाल्यांसाठी हेल्मेट. आणि नेमका तोच आपण पाळत नाही. विशेषतः मागच्या सीटवर बसल्यावर!

आमच्या जिल्ह्यातली ती बातमी तुम्हाला आठवत असेल. ४ सप्टेंबर २०२२, रविवार दुपार. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अहमदाबादहून मुंबईकडे येत होते. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची गाडी कठड्याच्या भिंतीवर आदळली. गाडी महागडी, एअरबॅगवाली. पुढच्या सीटवरचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरचे दोघंही गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

त्यानंतर महिनाभर मागच्या पट्ट्याची केवढी चर्चा झाली! जसा काही तो नियम त्या दिवशी जन्माला आला. वास्तविक तो आपल्याकडे आधीपासूनच होता, आणि २०१९ पासून पट्टा न लावण्याचा दंडही हजार रुपये झालेला होता. ब्रिटनमध्ये मागे बसणाऱ्या मोठ्या माणसांना १९९१ पासून पट्ट्याची सक्ती आहे. आज आपण वापरतो तो खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा व्होल्वो कंपनीच्या नील्स बोहलीन या इंजिनिअरने १९५९ साली तयार केला, आणि कंपनीने तो इतर सगळ्या कंपन्यांना वापरायला मोकळा करून दिला. म्हणजे माझ्या लहानपणापासून ही गोष्ट जगात आहे.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातल्या १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता, आणि त्यातले जवळजवळ निम्मे, ८,३३१, हे गाडी चालवणारे नव्हते, नुसते बसलेले होते. नुसते बसलेले! त्यांची काही चूक नाही, कोणाला कट मारला नाही, फोनवर बोलले नाहीत.

यंदा मुलगा आणि नात इथे आले होते. नात अकरा वर्षांची. डहाणूच्या महालक्ष्मीला जायचं ठरलं. बरोबर माझी मोठी नणंद, वय एक्क्याऐंशी. भाड्याची गाडी केली होती आणि चालवायला माझाच एक माजी विद्यार्थी. मुलगा पुढे बसला. मागे आम्ही तिघी, मधे नात.

नातीने बसल्या बसल्या पट्टा ओढला आणि तो अडकवायचं बकल शोधायला लागली. बकल कुठे? सीटवर झकास नवीन कव्हर घातलेलं, आणि तिन्ही बकलं त्याच्या खाली गाडलेली!

"बाई, ती बसताना रुततात म्हणून सगळेच खाली दाबतात. मागे कोणी लावतच नाही," आमचे विद्यार्थी म्हणाले. पण पोरगं गुणी. खाली उतरलं, सीट उचलली, हात घालून तिन्ही बकलं वर काढून दिली. वर म्हणतो, "इतक्या वर्षांत तुम्हीच पहिल्या." मी म्हटलं, "मी नाही रे, ही बघ, अकरा वर्षांची."

माझा लागला, नातीचा लागला. आता नणंदबाई. त्या म्हणाल्या, "मला नको ते. गुदमरतं. आणि देवीला निघालोय ना, ती बघेल आपल्याला."

मुलाने समजावलं. मी समजावलं, "वन्सं, थोडा वेळ लावून तर बघा." दंडाचं सांगितलं. चारोटीच्या अपघाताचंही सांगितलं. त्यांचं एकच, "अगं, माझं आता राहिलंय किती? मला काय करायचाय पट्टा!" आणि नातीचं दुसरंच टुमणं, सगळ्यांचं क्लिक झाल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. त्यांच्या घरचा तसा नियमच आहे. दहा मिनिटं गाडी अंगणात उभी.

शेवटी नात आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आत्याआजी, तू पट्टा नाही लावलास आणि धडकलं, तर तू उडून बाबावर पडशील. मग बाबाला लागेल."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. मग समोर भाच्याच्या डोक्याकडे पाहिलं. तो बरोबर त्यांच्या पुढ्यात बसला होता. हा भाचा त्यांनी लहानपणी मांडीवर खेळवलेला.

"म्हणजे माझ्यामुळे ह्याला लागेल?"

"हो."

"मग आधी नाही का सांगायचं! आण इकडे तो पट्टा."

नात बरोबरच बोलत होती. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आतलं माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतं. तो दणका दहा मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याएवढा. मागचं माणूस पुढच्या सीटवर आदळलं, की पट्टा लावलेल्या पुढच्या माणसाचाही जीव धोक्यात येतो. हे गणित मी वन्संना सांगितलं असतं तर त्यांनी लावला असता का? मला नाही वाटत. स्वतःच्या जिवाची भीती घालून आपली माणसं ऐकत नाहीत. आपल्याकडे मरणाची भीती कमी आणि नशिबावर भरवसा जास्त. पण 'तुझ्यामुळे घरच्याला लागेल' म्हटलं, की एक्क्याऐंशी वर्षांची बाईसुद्धा निमूट पट्टा लावून घेते.

वाघोबाची खिंड ओलांडून मनोरला हायवेला लागलो. दर्शन छान झालं. येताना चारोटीच्या पुढे सूर्या नदीचा पूल आला तेव्हा मुलाने हळू आवाजात सांगितलं, "आत्या, तो अपघात झाला तो हाच पूल." वन्सं खिडकीतून बघत राहिल्या.

"किती वय होतं गं त्यांचं?" त्यांनी मला विचारलं.

"चोपन्न."

"माझ्या धाकट्याएवढाच," एवढंच म्हणाल्या. मग पार माहीम येईपर्यंत बोलल्या नाहीत. पण पट्टा काढला नाही. गुदमरलं का, ते मी विचारलं नाही.

आता कोणी म्हणेल, बाई, एसटीत कुठे पट्टा असतो? टमटममध्ये कुठे असतो? बोईसरच्या कारखान्यात टेम्पोत उभं राहून जाणाऱ्या कामगारांनी काय करायचं? प्रश्न बरोबर आहे. त्यांच्यासाठी पट्टा हे उत्तर नाही. त्यांना बरी गाडी आणि बरा रस्ता हवा, आणि तो त्यांना द्यायला हवा. म्हणून तर मी म्हणते, की ज्यांच्या हाताशी पट्टा आहे त्यांना तरी काय सबब आहे?

आपल्या चौकात न्यू जर्सीसारखं थांबायला लोक कधी शिकतील, मला ठाऊक नाही. ते मी बघेन असं काही वाटत नाही. त्याला सगळे लागतात. पट्ट्याला फक्त आपला एक हात लागतो.

असो. लांबलं बरंच. तर नातेवाईक मंडळींपैकी जे जे सुट्टीत माहीमला येणार आहेत त्यांना एक विनंती. गाडी ठरवताना एसी आहे का हे विचारता ना, तसंच मागचे पट्टे वर काढलेले आहेत का, हेही विचारा. आणि तुमच्या स्वतःच्या गाडीत मागच्या सीटखाली एकदा हात घालून बघा. बकलं सापडली तर मला जरूर कळवा. पानवेलीची पानं मी काढून ठेवते!